आधी तपासणी, मग गोळी



गेल्या साली आमच्या घरच्या मंडळींना लघवीला जळजळ होऊ लागली. आम्ही घरातल्या उरलेल्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. मग डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "गुरुजी, गोळीआधी लघवी तपासायची असते."

तपासणीसाठी जंतू नसलेली बाटली मिळते. पहिली धार सोडावी. मधली धार बाटलीत धरावी. बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी.

तिथे ताटलीत जंतूंचे खाद्य असते. त्यावर थोडी लघवी पसरतात. ताटली ३७ अंश उबेत रात्रभर ठेवतात. जंतू वाढतात. त्यांचे ठिपके डोळ्यांना दिसतात. एका खास खाद्यावर ई. कोलाय जंतूचे ठिपके गुलाबी दिसतात. आणखी कसोट्या लावून नाव पक्के करतात. हा जंतू आपल्या आतड्यांत असतो. तिथून तो लघवीच्या वाटेत शिरतो.

मग या जंतूंवर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. टिकलीभोवती जंतू वाढले नाहीत, तर ते औषध लागू पडते. आमच्या गोळीच्या टिकलीला जंतू अगदी खेटून वाढले होते! दुसऱ्या औषधाने मंडळींना उतार पडला.

शिक्षक असून आम्ही चुकलो. तुम्ही चुकू नका. आधी लघवी तपासायला द्या. मग डॉक्टर सांगतील तीच गोळी घ्या.