जिथे जेवण संपते, तिथे जेवावे

साकुरा बघायला मार्च-एप्रिलमध्ये जपानला जाणाऱ्या सहलींत आता मराठी माणसे हमखास असतात. निघण्यापूर्वी घरात एक प्रश्न चर्चेला येतोच: तिथे खायचे काय? त्याची दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, रात्रीचे जेवण भारतीय उपाहारगृहात, आणि बॅगेत चकल्या, चिवडा, दशम्या. दुसरे, तोक्यो आणि ओसाकातल्या नावाजलेल्या दुकानांची यादी आणि त्यांच्या दारातली तासाभराची रांग. पहिल्या उत्तरामागची अडचण खरी आहे, तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण या दोन्ही वाटांनी गेले की जपानी जेवणातली मुख्य गोष्ट राहून जाते. २०१३ साली युनेस्कोने जपानच्या पारंपरिक आहारसंस्कृतीला, म्हणजे ‘वाशोकु’ला, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तो मान सुशीला किंवा रामेनला मिळालेला नव्हता. निसर्गाविषयीचा आदर, ऋतुमान आणि त्या त्या भागातले ताजे जिन्नस यांवर उभ्या असलेल्या खाण्याच्या रीतीला तो मिळाला होता. प्रवाशाला ही रीत भेटते कुठे? माझे म्हणणे असे, की जपानमध्ये जिथला पदार्थ दिवस मावळायच्या आत संपतो आणि जिथला फळा रोज पुसून नव्याने लिहिला जातो, तिथे जेवावे. दुकानावर दुपारीच लागलेली ‘उरिकिरे’, म्हणजे ‘माल संपला’, ही पाटी पाहून आपण हळहळतो. पण दुसऱ्या दिवशी लवकर येण्याजोगी जागा हीच, असे ती पाटी सांगत असते.

जपानी भाषेत ‘शुन’ असा एक शब्द आहे. एखादी भाजी, फळ किंवा मासा वर्षातल्या ज्या थोड्या दिवसांत सर्वांत चवदार असतो, ते दिवस म्हणजे शुन. त्याच्या आधी येते ती ‘हाशिरी’, हंगामाची पहिली चाहूल. आणि सरतासरता उरते ती ‘नागोरी’, निरोपाची चव. आंब्याच्या बाबतीत हे आपल्याला शिकवावे लागत नाही. फेब्रुवारीतली पहिली पेटी, मे महिन्यातला भरातला हापूस आणि पाऊस पडून गेल्यावरचा आंबा यांत आपण बरोबर फरक करतो. जपानी माणूस असा हिशेब कितीतरी जिनसांचा ठेवतो. आपल्या कुप्याच्या कुळातला कात्सुओ मासा घ्या. वसंतात तो कुरोशिओ प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघतो, तेव्हा अंगाने सडसडीत आणि चवीला हलका असतो. शरदात तोच मासा खाऊनपिऊन, चरबी धरून दक्षिणेकडे परततो. जाणाऱ्याला हात्सु-गात्सुओ म्हणतात, परतणाऱ्याला मोदोरी-गात्सुओ, आणि खाणाऱ्याच्या लेखी ते दोन वेगळे पदार्थ आहेत. शिकोकु बेटावरच्या कोची शहरात तो खावा. तिथे भाताचा पेंढा पेटवतात, ज्वाळा हातभर वर उसळते आणि माशाचा मोठा तुकडा त्या ज्वाळेत काही क्षण धरतात. कातडीकडची बाजू करपते, आत मांस लालच राहते, पेंढ्याच्या धुराचा वास वरवर बसतो. मग त्याचे बोटभर जाड काप करून मीठ आणि कच्च्या लसणाच्या चकत्यांबरोबर वाढतात. याला ताताकी म्हणतात. तोक्योतही ताताकी मिळते, पण पेंढा पेटताना बघावा तो कोचीतच.

असे जेवण आधी बाजाराच्या आसपास शोधावे. कोचीतच दर रविवारी किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे एक किलोमीटर लांबीचा बाजार भरतो. त्याला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. डोंगराळ हिदा भागातल्या ताकायामाला नदीकाठी रोज सकाळी भाज्या, लोणची, फळे घेऊन बायका बसतात. नोतो द्वीपकल्पातल्या वाजिमाचा प्राचीन सकाळचा बाजार १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळून गेला, तेव्हा तिथल्या विक्रेत्यांनी कानाझावाकडे आणि इतरत्र जाऊन आपली दुकाने मांडली. जागा गेली तरी बाजार मोडला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. बाजाराच्या खालोखाल मी ‘मिची-नो-एकी’ला मान देईन. शब्दशः अर्थ ‘रस्त्यावरचे स्थानक’. १९९३ साली १०३ ठिकाणांची नोंदणी होऊन ही योजना सुरू झाली आणि आज देशभर अशी बाराशेहून जास्त स्थानके आहेत. गाडी थांबवायची, हातपाय धुवायचे, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल विकत घ्यायचा किंवा तिथेच जेवायचे. मुळ्याच्या जुडीवर किंवा मशरूमच्या पाकिटावर पिकवणाऱ्याचे नाव आणि गाव छापलेली चिठ्ठी असते. पुष्कळ ठिकाणी शेतकरी सकाळी स्वतः माल आणून मांडतो, किंमत स्वतः ठरवतो आणि न खपलेला माल संध्याकाळी परत नेतो. अशा स्थानकाच्या साध्या खानावळीत वाटीत काय येणार, हे त्या मांडणीवर अवलंबून असते. टॅक्सीने किंवा भाड्याच्या गाडीने ग्रामीण भागातून जाणाऱ्यांनी हे स्थानक चुकवू नये.

रेल्वेने फिरणाऱ्यांसाठी स्थानकावरचा डबा आहे, एकिबेन. गार डबा म्हणून आपली माणसे त्याच्याकडे पाहत नाहीत. पण हा पदार्थ गार खाण्यासाठीच रचलेला असतो. तोयामाचे मासुझुशी पाहा. गोल लाकडी डबी, वर-खाली आवळून बसवलेल्या बांबूच्या काड्या. झाकण काढले की आत हिरवी बांबूची पाने एकावर एक दुमडलेली. ती उलगडत गेले की खाली मुरवलेल्या ट्राउट माशाचा केशरी थर आणि त्याखाली दाबून बसवलेला आंबट भात. केक कापावा तसा सुरीने कापून खायचा. गुन्मा प्रांतातल्या योकोकावा स्थानकाची कथा तर भूगोलाचीच आहे. पुढे उसुई घाटाची खडी चढण, म्हणून तिथे गाडीला जादा इंजिन जोडावे लागे. त्या थांब्यात १९५८ पासून मातीच्या छोट्या हंडीतला भात विकला जाऊ लागला. १९९७ मध्ये नवी शिनकानसेन आली, घाटातली ती जुनी वाट बंद झाली, पण हंडीतला भात अजून विकला जातो. असे डबे आज तोक्यो स्थानकातही एका दुकानात मांडलेले दिसतात. घ्यायला हरकत नाही. पण तोयामाचा डबा तोयामात घेऊन खिडकीतून ते डोंगर बघत खाण्याला जो अर्थ आहे, तो तोक्योच्या फलाटावर उरत नाही.

शेवटची जागा मुक्कामाची. जपानी पद्धतीच्या सरायांत, रियोकानमध्ये किंवा घरगुती मिन्शुकुमध्ये, ‘एक रात्र, दोन जेवणे’ असा दर असतो, आणि काय वाढायचे ते यजमान ठरवतो. पाहुण्याच्या हाती निवड नाही, हेच मला त्यातले उत्तम वाटते. मेमध्ये उत्तरेकडच्या यामागाता किंवा आकिता भागात उतरलात, तर पानात सान्साइ येणार. सान्साइ म्हणजे रानभाज्या: वाराबी, झेनमाइ, कोगोमी, तारानोमे. बर्फ वितळताना डोंगरात उगवणाऱ्या या कोंबांची चव कडसर असते आणि तो कडूपणा तिथे वसंताची चव म्हणून आवडीने खातात. चैत्राच्या पहिल्या दिवशी कडुनिंब खाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. वाराबी राखेच्या पाण्यात भिजवून तिचा उग्रपणा काढावा लागतो. शेवळांना काकडं घातल्याशिवाय घशाची खवखव चुकत नाही, हे जाणणाऱ्या ठाणे-पालघरच्या सुगरणीला ती कृती लगेच ओळखीची वाटेल. शरदात त्याच यामागातात नदीकाठी चुली मांडून इमोनी शिजते. त्यातला सातोइमो म्हणजे अळूच्या कुळातला कंद. यामागाताच्या आतल्या भागात त्यात गोमांस आणि सोया सॉस असतो, समुद्राकडच्या शोनाइत आणि शेजारच्या मियागीत डुकराचे मांस आणि मिसो. डोंगर ओलांडला की रस्सा बदलतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला असा, की हे सारे तोक्योत मिळते, मग गावोगाव कशाला फिरायचे? यात तथ्य आहे. देशातला उत्तमोत्तम मासा तोक्योच्या तोयोसु बाजारात येतो. युराकुचो स्थानकासमोरच्या कोत्सु काइकान इमारतीत वेगवेगळ्या प्रांतांची विक्रीकेंद्रे आहेत. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात ऋतूप्रमाणे बदलणारे तयार जेवण मिळते. चारच दिवस हातात असतील तर या जागा चांगल्या आहेत, आणि मी स्वतः त्या सुचवीन. पण राजधानीत पोहोचते ते प्रवास झेपणारे आणि भाव मिळवणारे. उरलेले गावातच खाऊन संपते. शिवाय राजधानीत बारा महिने बहुतेक सगळे मिळते आणि तिथे शुन ओळखायची गरजच पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: ‘मोसमी’ आणि ‘स्थानिक’ हे आता विक्रीचे शब्द झाले आहेत. हे बरेचसे खरे आहे. साकुरा फुलायच्या कितीतरी आधी दुकानांत गुलाबी वेष्टनातल्या साकुरा चवीच्या वस्तू येतात. जपानी स्ट्रॉबेरीचा भर आज हिवाळ्यात असतो, तो हरितगृहांमुळे आणि नाताळच्या केकमुळे. उघड्या शेतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकते. आणि उदोन या गव्हाच्या जाड शेवयांसाठी प्रसिद्ध असलेल्या कागावातले बरेचसे उदोन ऑस्ट्रेलियन गव्हाचे असते. म्हणून नुसत्या ‘स्थानिक’ या शिक्क्यावर विसंबू नये. पण कागावाचेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. गहू बाहेरचा असला तरी तिथल्या लहान दुकानात सकाळी मळलेली कणीक दुपारी संपली की दार बंद होते. त्या प्रांताचे त्यात काय आहे, तर मळणारा हात, रोज तिथे खाणारी माणसे आणि तो संपण्याचा क्षण. तोयामा उपसागरातल्या हिमीची बुरी मासळीही तशीच. ‘हिमी कानबुरी’चा हंगाम तारखेने सुरू होत नाही, मासा आकाराने आणि चरबीने तयार झाला असे जाणकारांनी पाहून ठरवले की तो जाहीर होतो. इथे निर्णय माशाचा असतो, कंपनीच्या दिनदर्शिकेचा नव्हे. शिक्का खरा की खोटा हे ओळखायला एवढा फरक पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातल्या शाकाहारी श्रोत्यांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये नुसत्या भाजीतही मासा असू शकतो, कारण बहुतेक रश्श्यांचा पाया असलेला ‘दाशी’ वाळवलेल्या कात्सुओपासून काढतात. सोबाचा रस, मिसोचे सूप, उकडलेला पालक, सगळीकडे तो असतो. ऐनवेळी ‘मासा नको’ म्हटल्याने काम होत नाही, कारण दाशी सकाळीच काढून झालेला असतो. पण बौद्ध मठांचे शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असते. त्यात दाशी कोंबु या समुद्रवनस्पतीचा आणि वाळवलेल्या शिइताके मशरूमचा असतो, आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. नवव्या शतकात कुकाइ या आचार्यांनी वसवलेल्या कोया पर्वतावर आज पन्नासेक मंदिरांत प्रवाशांना राहता-जेवता येते. तीळ आणि कुझु कंदाच्या सत्त्वाचे गोमा-दोफु, गोठवून वाळवलेले कोया-दोफु, त्या त्या महिन्यातल्या भाज्या. आणि हे जेवण म्हणजे कुणाच्या सोयीसाठी केलेली तडजोड नाही, तीच तिथली मूळ पाककला आहे. नागानोत भाज्यांचे सारण भरलेले ओयाकी मिळतात; घेताना सारण विचारून घ्यावे. शिवाय ऋतू सांगणारी मिठाई आहे: मिठात मुरवलेल्या साकुराच्या पानात गुंडाळलेली साकुरा-मोची, ५ मेला ओकच्या पानातली काशिवा-मोची, क्योतोत ३० जूनला खातात ती लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांची मिनाझुकी. आझुकीचे गोड सारण पुरणाच्या जवळचे आहे. शाकाहारी माणसाने जपानचा ऋतू चुकवायचे कारण नाही. त्याने मुक्काम मात्र आधी ठरवायला हवा आणि काय चालत नाही ते आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवायला हवे.

भाषेच्या आणि खर्चाच्या अडचणी त्यामानाने लहान आहेत. लहान शोकुदोत, म्हणजे खानावळीत, ‘हिगावारी तेइशोकु’ मागावे: त्या दिवसाचे ताट, बहुधा हजार येनच्या आसपास. एवढे दोन शब्द पुरतात, आणि काय येईल ते आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की विमानाचे तिकीट काढण्याआधी काय खायचे ते ठरवा. पश्चिम जपानच्या किनाऱ्यावर हिमखेकड्याची मासेमारी ६ नोव्हेंबरला उघडते. ऑक्टोबरअखेरीस गेलात तर ताजा मिळणार नाही. तोयामात काजव्यासारखा चमकणारा होतारु-इका हा छोटा माकूळ मार्चपासून मिळतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपतो. आणि तिथे पोहोचल्यावर सकाळी लवकर उठा. ताकायामाचा नदीकाठचा बाजार दुपारी बारा वाजता उठतो.