भाषेतील रीत आणि चित्रफितीचे साहाय्य

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने इंग्रजीच्या शिक्षणाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आजचा विषय इंग्रजीचे व्याकरण हा नसून भाषेतील रीत हा आहे. आणि परक्या भाषेतील रीत स्वभाषेशी ताडून पाहिल्यावाचून नीट उमगत नाही.

आपल्या बडोद्यात निरोपाच्या वेळी गुजराती घरांत ‘आवजो’ आणि मराठी घरांत ‘येतो हं’ हे शब्द ऐकू येतात. दोन्हीकडे ‘जाणे’ टाळलेले असते. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले, तर ऐकणारा आपली वाट पाहत बसेल! ‘जरा पाणी देता का?’ या प्रश्नातला विनय ‘जरा’ या शब्दात, ‘देता’ या आदरार्थी रूपात आणि आवाजाच्या सुरात असतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या तिन्हींसाठी आज एकच ‘यू’ आहे. त्यामुळे विनयाचा भार ‘कुड’, ‘वुड’, ‘प्लीज’ यांसारख्या शब्दांवर आणि स्वरावर पडतो. आपला विद्यार्थी ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणतो तेव्हा त्याचे व्याकरण निर्दोष असते. चुकते ती रीत.

जेनी टॉमस या भाषाभ्यासक विदुषींनी १९८३ साली या भेदाकडे लक्ष वेधले. व्याकरण चुकले तर ‘याची भाषा कच्ची आहे’ एवढेच लोक म्हणतात. रीत चुकली तर माणसाच्या स्वभावालाच दोष देतात. सालस मुलगा उद्धट ठरतो. मुलाखतीत वा परदेशातील कार्यालयात याची किंमत त्याला मोजावी लागते, आणि आपले कोठे चुकले हे त्याला कोणी सांगतही नाही. कोणाशी, केव्हा, कसे बोलावे हे कळणे हादेखील भाषाज्ञानाचाच भाग होय, असे अमेरिकन अभ्यासक डेल हाइम्स यांनी मांडले होते, ते याच अर्थाने.

ही रीत पुस्तकात पुरती उतरत नाही. बोलणाऱ्यांतील अंतर, नजर, क्षणभराचा थांबा हे पाहावे लागते. दृश्यातून शिकवणे बडोद्याला नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर जादूचा कंदील आणि चलच्चित्रेही गावोगावी नेली. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ज्ञानाचा वाटा मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे १९८४ च्या १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. पण प्रक्षेपण थांबवता येत नसे. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. भाषाशिक्षकाच्या दृष्टीने तिचे खरे मोल यातच आहे.

म्हणून दोन मिनिटांचा प्रसंग निवडावा. प्रथम तो आवाज बंद ठेवून दाखवावा आणि विचारावे : ही माणसे एकमेकांची कोण? मोठे कोण, परके कोण? मग आवाजासह दाखवावा. परंतु उत्तर येण्याच्या क्षणी थांबवावा आणि ‘तुम्ही येथे काय म्हणाल?’ असे विचारावे. त्यानंतर मूळ उत्तर ऐकवून दोहोंची तुलना करावी. शेवटी तोच प्रसंग नाती बदलून विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा : मित्राच्या जागी प्राचार्य आले की वाक्य कसे बदलते, हे त्यांचे त्यांनाच उमजते.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या २०१२ च्या चित्रपटातील न्यूयॉर्कच्या उपाहारगृहाचा प्रसंग आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी काही मागवू पाहते आणि विक्रेतीच्या प्रश्नांच्या भडिमाराने गांगरून बाहेर पडते. वर्गात हा प्रसंग दाखवून विचारावे : येथे भाषा कोणाची चुकली? इंग्रजी अडखळते ते शशीचे. रीत मात्र विक्रेतीने सोडलेली असते. इंग्रजी सफाईदार असले म्हणजे बोलणे सभ्य होतेच असे नाही, हा धडा आपल्या मुलांना फार धीर देणारा आहे.

एक सावधगिरी हवी. चित्रपटातील संवाद लिहिलेले असतात. ते आदर्श नव्हेत, चर्चेचे निमित्त होत. शिवाय लंडनची रीत म्हणजे जगाची रीत नव्हे. घरात आईचे आभार न मानणारा मराठी मुलगा कृतघ्न नसतो. त्याच्या घरी कृतज्ञतेची भाषा निराळी असते. इंग्रजी शिकताना ती घ्यावी, पण आपली टाकू नये.

या ग्रंथालयाने आठवड्यातील एक संध्याकाळ अशा वर्गासाठी राखावी, अशी माझी विनंती आहे. तेथे इंग्रजीबरोबर मराठी चित्रफितीही दाखवाव्यात. इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना ‘तू’ कोठे आणि ‘आपण’ कोठे, हेही आता दाखवूनच शिकवावे लागणार आहे. ग्रंथांच्या सहवासात ते घडले, तर या वास्तूच्या परंपरेला साजेसेच होईल.