मुलांची आकडी : श्रद्धा आणि औषध



भीमा-अमरजा संगमावरील श्रीक्षेत्र गाणगापूर हे कलबुर्गी जिल्ह्यात अफजलपूर तालुक्यात वसले आहे. तेथील निर्गुण पादुकांच्या दर्शनास भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातून, तसेच महाराष्ट्र व गोव्यातूनही भाविक जातात. बाधा झालेल्यांस तेथे नेण्याची प्रथा जुनी आहे आणि आकडी येणारे मूलही पुष्कळदा त्यांतच गणले जाते. अंग ताठ होते, डोळे फिरतात, तोंडास फेस येतो. मातापित्यांचा धीर सुटावा यात नवल नाही.

तथापि आपल्या पूर्वजांनी या विकारावर वैद्यकीय विचार केला होता. चरकसंहितेत अपस्माराचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार सांगून चिकित्साही दिली आहे. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख १९२९ साली प्रसिद्ध केले. मेंदूतील पेशींत अकस्मात विजेचा अनियंत्रित लोंढा उसळतो व त्यामुळे आकडी येते, हे आज निश्चित झाले आहे.

प्रत्येक आकडी म्हणजे फेफरे नव्हे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलास तापात येणारी आकडी बहुधा काही मिनिटांत थांबते व मागे दोष ठेवीत नाही. तरीही पहिल्या आकडीनंतर वैद्यकीय तपासणी आवश्यकच आहे. उलट, एखादे मूल वर्गात काही क्षण शून्यात पाहत राहते व शिक्षक त्यास बेसावध म्हणून रागावतात. तोही अपस्माराचाच एक प्रकार असू शकतो.

आकडी आली असता मुलास कुशीवर निजवावे, गळ्याजवळील कपडे सैल करावे आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये. कांदा, चप्पल हुंगविणे किंवा हाती किल्ल्या देणे निरुपयोगी आहे. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, अथवा शुद्धीवर येण्यापूर्वीच पुन्हा आली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बीदर व कलबुर्गी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अशा वेळी गंडेदोऱ्यांत दवडलेला वेळ मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

नियमित औषधाने बहुसंख्य मुलांची आकडी आटोक्यात येते. परंतु बरे वाटले म्हणून, किंवा नवस फेडला म्हणून, गोळी एकाएकी बंद केली तर आकडी अधिक जोराने उलटते. सामान्यतः दोन वर्षे आकडी न आल्यावर वैद्यच औषध हळूहळू कमी करतात.

मुलींच्या बाबतीत विवाहाच्या धास्तीने रोग लपविला जातो. मात्र हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ सालीच दूर झाला आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

देवदर्शनाने मातेच्या मनास बळ येते. ते बळ कोणी हिरावू नये. मात्र पादुकांपुढे मस्तक ठेवण्यास निघताना पिशवीत प्रसादाच्या नारळाबरोबर मुलाची गोळीही असावी आणि ती ठरल्या वेळी द्यावी. श्रद्धेला त्याने कोणताही कमीपणा येत नाही.