22 चुली

पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. गर्दी लाखांची, पण पूजेचा मान मेसराम कुळाच्या राजगोंडांचा. आधी ही मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. मग शेकडो कुटुंबं देवळाजवळच्या गोवाडात, म्हणजे मुक्कामाच्या आवारात, उतरतात आणि सगळ्यांचा स्वयंपाक होतो तो फक्त 22 चुलींवर. कुळ कितीही वाढो, चुली वाढत नाहीत. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं.

ही रीत सरपण वाचवायला निघाली, असं मी म्हणणार नाही. ती देवाची म्हणून पाळली जाते. पण जे आहे ते मोजकं आहे आणि सगळ्यांचं आहे, हे इथल्या पोराला चुलीपाशी बसूनच कळतं. याच कुळाने घराघरांतून वर्गणी काढून नागोबाचं नवं देऊळ बांधलं. 2022च्या डिसेंबरात तिथे प्रतिष्ठापना झाली.

पण जे सगळ्यांचं होतं ते सगळंच तसं राहिलं नाही. निजामाच्या राज्यात इथलं जंगल राखीव झालं आणि जे पिढ्यान् पिढ्या तिथे कसत होते तेच अतिक्रमण करणारे ठरले. जल, जंगल, जमीन मागणारे कुमराम भीम 1940 साली जोडेघाटला मारले गेले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ इथे आले. जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, तो दरबार त्यांच्या काळातला. तो आजही भरतो.

आज या जिल्ह्याचं अर्थकारण कापसावर चालतं. पेरणीआधी बी गावदेवापुढे ठेवायची गोंडांची रीत आहे. ज्वारीचं बी घरचं असे, कणगीतून निघे आणि कणगीत परत जाई. संकरित कपाशीचं तसं नाही. सरकी राखून भागत नाही, दर मृगाला पाकीट विकत आणायचं, बहुतेकदा उधारीवर. पाऊस लांबला की दुबार पेरणी, म्हणजे दुसरं पाकीट. देवापुढे आजही बी ठेवलं जातं, पण त्यावरची मालकी गावाची उरलेली नाही, याचं मला फार दुःख होतं.

म्हणून माझी विनंती आहे. दरबारात रस्ते, पट्टे, पाणी यांबरोबर बियाण्याचंही गाऱ्हाणं मांडा. गावोगावी ज्वारी आणि तुरीचं बी राखायला कोठार मागा, आणि त्याची किल्ली गावपाटलाकडे ठेवा. वर्गणीतून देऊळ उभं करणाऱ्यांना ते सांभाळणं जड नाही.