केडगावची मुक्ती

धायरीतल्या श्रोत्यांनो, तुमच्या सिंहगड रस्त्याच्या अगदी उलट दिशेला, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, केडगाव लागतं. समाजसुधारक पंडिता रमाबाईंचं निराधार स्त्रियांसाठीचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पण नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, छपाई असं कामही शिकवलं. अंध मुलींना ब्रेलही. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायका त्या काळी किती असतील! रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणलेलं बायबल छापलं गेलं ते मिशनच्याच छापखान्यात. ख्रिस्ती धर्मांतरावरून त्यांच्यावर टीका खूप झाली. काम मात्र थांबलं नाही. १९२२ साली रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावातच आहे.