पुरस्काराच्या कागदावर नसलेले नाव

स्नातक मुला-मुलींनो, आणि मंडपात मागच्या रांगांत बसलेल्या त्यांच्या आयांनो,

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात कुणी भाषणाला उभे राहिले की बाबा आमट्यांचे नाव येतेच, आणि यावेच. भाषण संपत आले की वक्त्याला त्यांच्या पत्नी साधनाताई आठवतात. ‘समर्थ साथ दिली’ एवढे म्हणून तो खाली बसतो. आरमोरीत आज क्रम उलटा ठेवायला हरकत नाही.

नागपूरच्या घुलेशास्त्रींच्या घरात ५ मे १९२६ रोजी इंदूचा जन्म झाला. घर पंडितांचे, सोवळ्याओवळ्याचे. घरातल्या लग्नाच्या धांदलीत ही मुलगी कुणाच्या नकळत म्हाताऱ्या मोलकरणीच्या मदतीला धुण्यावर बसली. पाहुणा म्हणून आलेल्या दाढीवाल्या मुरलीधर आमट्यांनी, म्हणजे बाबांनी, ते पाहिले आणि तिथेच मन ठरवले, ही गोष्ट विदर्भात पुष्कळांना पाठ आहे. गोष्ट गोड आहे, पण अर्धी आहे. तीत निवड करणारे एकटे बाबा दिसतात. मुलीचे लग्न झाले की तिने नशीब स्वीकारले असे आपण सहज धरून चालतो. इंदूने तर अशा माणसाला होकार दिला होता, ज्याच्या घरात दागिने, नोकरचाकर, सोवळे यांतले काही नांदणार नव्हते, आणि हे तिला दिसत होते. १८ डिसेंबर १९४६ ला लग्न झाले. वरोऱ्याच्या श्रमाश्रमात सगळ्या जातींच्या कष्टकऱ्यांबरोबर एकाच चुलीवरचे जेवण सुरू झाले. इंदूची साधना झाली.

१९५१ मध्ये आनंदवन उभे राहू लागले तेव्हाचे भांडवल प्रसिद्ध आहे: वरोऱ्याजवळची ५० एकर खडकाळ जमीन, ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. या यादीत चार वर्षांच्या आतली दोन मुले कुणी मोजत नाही. विकास आणि प्रकाश विंचू-सापांच्या रानात, कुष्ठरुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढले. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो हे हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखवले होते आणि डॅप्सोनच्या गोळ्याही आल्या होत्या. तरी शहाणीसुरती माणसे रुग्णाच्या सावलीपासून दूर पळत. बाबा कलकत्त्याला जाऊन या रोगाचे रीतसर शिक्षण घेऊन आले होते. साधनाताईंकडे ते शिक्षण नव्हते, आणि मुले मात्र त्यांनाच रोज रात्री कुशीत घेऊन निजवायची होती. धैर्य कुणाचे मोठे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आनंदवनाची भाजी आणि दूध वरोऱ्यात सुरुवातीला कुणी विकत घेईना. १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक इमारती बांधायला येऊन राहिले, तिथलेच पिकवलेले जेवले आणि ठणठणीत राहिले, तेव्हा कुठे गावाची भीती ओसरली. पुढे ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्याच कुष्ठमुक्तांच्या श्रमातून गावाच्या मुलांसाठी आनंदनिकेतन महाविद्यालय उभे राहिले. तुमच्यापैकी कुणाचे भाऊबंद तिथे शिकले असतील.

मुले डॉक्टर झाली. कोणतीही आई अशा वेळी नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्याचे स्वप्न पाहील. प्रकाश मात्र १९७३ मध्ये पत्नी मंदाकिनीताईंसह भामरागडजवळ हेमलकशाला गेले. तेव्हा तिथे वीज नव्हती आणि पावसाळ्यात वाट बंद व्हायची. मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसता येईनासे झाले, एक तर उभे राहायचे नाही तर आडवे. ती शुश्रूषा वर्षानुवर्षे चालली. १९९० मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला निघाले. चाळीस वर्षे उभारलेला संसार मागे ठेवून चौसष्टीला आलेल्या साधनाताईही निघाल्या.

त्यांना देवी करू नये. ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन वाचावे. बाबांसारख्या वादळाबरोबर राहणे सोपे नव्हते, हे त्यात त्या लपवत नाहीत. प्रेमही लपवत नाहीत. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले आणि ९ जुलै २०११ रोजी ताई गेल्या, वयाच्या ८५ व्या वर्षी.

१९८५ चा मॅगसेसे पुरस्कार एकट्या बाबांच्या नावे आहे. २००८ चा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांच्या नावे. एकाच घरातल्या दोन पिढ्या, मध्ये तेवीस वर्षे. कष्ट सासूने कमी केले म्हणून तिचे नाव राहून गेले असे कुणी म्हणणार नाही. नाव लिहिणाऱ्यांची नजर तेवढ्या काळात बदलली.

आपल्या भागात ती नजर अजून पुरती बदललेली नाही. या मंडपातल्या कित्येक आया रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या असतात, आणि मे महिन्याच्या उन्हात ७० पानांचा एक याप्रमाणे तेंदूचे पुडे बांधतात. त्यातली काही रक्कम तुमच्या परीक्षा फीमध्ये गेली आहे. गुणपत्रिकेवर आता आईचे नाव छापतात, हे बरे झाले. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीमुळे आणि त्या चळवळीत बायांचा रेटा मोठा होता. त्या बाया कोण, कोणत्या गावच्या, त्यांच्या घरी त्या दिवशी चूल कुणी पेटवली, हे कुठे लिहिलेले सापडते? त्यांतल्या अनेकजणी आता सत्तरी-पंच्याहत्तरीत असतील. मराठी, इतिहास, समाजशास्त्राच्या पदवीधरांनी वही घेऊन त्यांच्याकडे जायला आणखी उशीर करू नये.

वाणिज्यवाल्यांसाठीही काम आहे. जिल्ह्यातल्या पुष्कळ ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. कंत्राटदाराचा करारनामा वाचून समजावणारे, रोजची आवक लिहिणारे, बँकेचा व्यवहार सांभाळणारे शिकलेले हात त्यांना हवे असतात. पुढच्या हंगामाला अवधी आहे. हजेरीच्या वहीत कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली पुडे चढवण्याऐवजी जिने बांधले तिचे नाव लिहा, आणि पैसेही तिच्याच खात्यात जातील असे पाहा. ग्रामसभेत त्यावरून दोन म्हातारे कुरकुरतील. त्यांच्याशी बोलायला तुमची भाषा आता पुरेशी तयार झालेली आहे.