योल्ङू स्त्रियांची शिकवण



ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील ईशान्य आर्नहेम लँड ही योल्ङू या आदिवासी लोकांची भूमी होय. १९६३ मध्ये तेथे बॉक्साइटची खाण काढण्याचे ठरले, तेव्हा यिरकला येथील योल्ङूंनी झाडाच्या सालीवर चित्रांची चौकट रेखाटून स्वभाषेत व इंग्रजीत संसदेकडे अर्ज केला. सह्या करणाऱ्या १२ जणांत ३ स्त्रिया होत्या. अर्ज स्वीकारला गेला. खाण मात्र झालीच. १९७१ मध्ये न्यायालयानेही त्यांचा भूमिहक्क नाकारला. अखेर १९७६ च्या कायद्याने नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींच्या भूमिहक्कास मान्यता मिळाली.

तथापि, कायद्याने हक्क मिळतो. परस्परांची समजूत मिळतेच असे नाही. डार्विनमधील मूत्रपिंडविकाराचे योल्ङू रुग्ण व रुग्णालयीन कर्मचारी यांच्या संभाषणाचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गैरसमज ठायी ठायी होते आणि पुष्कळदा ते झाल्याचे उभयतांच्या ध्यानीही येत नव्हते, असे त्यात आढळले. रुग्णाने मान डोलावली, पण ती संमती होती की केवळ सौजन्य? हा प्रश्न जीवनमरणाचा आहे.

ही दरी बुजविण्यात योल्ङू स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या शिकवणीचा पाया 'गुरुटू' म्हणजे नातेव्यवस्था हा होय. माणसे, भूमी, प्राणी, वारे हे सारे 'धुवा' व 'यिरिचा' या दोन अर्धांत विभागलेले आहे. मूल पित्याच्या अर्धात गणले जाते. माता दुसऱ्या अर्धातील असते. आईची बहीण ही आईच, पित्याचा भाऊ हा पिताच. सासू व जावई एकमेकांशी थेट बोलणे टाळतात. बैठकीत अशा दोघांना शेजारी बसवून त्यांच्या मौनास अनास्था समजणारा अधिकारी आदरालाच दोष देत असतो. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यास पुष्कळदा एखादे कुटुंब आपले मानते. मग नात्याबरोबर कर्तव्येही येतात.

हे ज्ञान केवळ व्याख्यानातून दिले जात नाही. बावाका येथील स्त्रिया पाहुण्यांना शेजारी बसवून केवड्याच्या जातीच्या झाडाची पाने सोलणे, मुळ्यांच्या रंगात रंगविणे व त्यांच्या टोपल्या विणणे शिकवितात. हात गुंतलेले असता बोलणे सावकाश होते, ऐकणे वाढते. स्त्रियांच्या 'मिल्कारी' या शोकगायनातील भूमिज्ञान त्यांच्यापैकी काहींनी २०१९ मध्ये 'साँगस्पायरल्स' या ग्रंथातून जगापुढे ठेवले.

यिरकलाच्या शिक्षणकार्यात 'गन्मा' ही कल्पना रुजली आहे. समुद्राचे खारे पाणी व भूमीवरील गोडे पाणी एकत्र येतात, फेस उसळतो, तरी कोणताही प्रवाह दुसऱ्यास गिळून टाकीत नाही. कार्यालयातील सहजीवनही असेच असावे. त्यासाठी दुभाषी हवेत, सवड हवी. आणि शिकविणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाकडे पाहुणचार म्हणून न पाहता विद्यादान मानून त्याचा योग्य मोबदलाही दिला पाहिजे. ऐकून घेणे ही शिष्टाचाराची बाब असेल. समजून घेणे ही मात्र न्यायाची बाब आहे.